विचित्रता (कणभौतिकी)

विचित्रता हा कणभौतिकीत वापरला जाणारा एक पुंजांक आहे. इंग्रजीत त्याला स्ट्रेंजनेस असे नाव आहे. के-मेसॉन आणि हायपेरॉन या कणांची विचित्रता शून्याहून वेगळी असते. प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन या परिचित कणांची विचित्रता शून्य असते. प्रबल आणि विद्युत्‌चुंबकीय परस्परक्रियांमध्ये सर्व कणांच्या विचित्रतेची बेरीज आधी जेवढी असते तेवढीच नंतरही राहते. दुर्बल परस्परक्रियेत मात्र ती बदलू शकते, आणि बहुधा एका वेळी एकाच एककाने बदलते. हा अंक १९५३ साली अमेरिकेत मरे गेल-मान यांनी आणि जपानमध्ये तादाओ नाकानो व काझुहिको निशिजिमा यांनी स्वतंत्रपणे सुचवला. पुढे क्वार्क सिद्धान्त आल्यावर त्याचा अर्थ सोपा झाला. एखाद्या कणात किती स्ट्रेंज क्वार्क आणि किती स्ट्रेंज प्रतिक्वार्क आहेत, याची ती मोजदाद होय.

नावाविषयी

मराठीतील 'विचित्र' या शब्दात हल्ली चमत्कारिक, तऱ्हेवाईक असा अर्थ प्रधान झाला आहे. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ नाना रंगांचे, आश्चर्यकारक असा आहे, आणि अलंकारशास्त्रात याच नावाचा एक अलंकारही आहे. या पुंजांकाच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात, म्हणून हा प्रतिशब्द गैर वाटत नाही. मात्र 'विचित्रता' म्हणजे कणाच्या स्वभावातील काही गूढ वैगुण्य, असा समज करून घेऊ नये. विद्युत भार जसा एक मोजता येणारा अंक आहे, तसाच हाही आहे.

मूळ इंग्रजी नावालाही सहजासहजी प्रवेश मिळाला नव्हता. गेल-मान यांनी आपल्या १९५३ च्या लेखाच्या शीर्षकात या कणांना आधी 'कुतूहलजनक' आणि मग 'विचित्र' म्हणण्याचा प्रयत्न केला. 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या संपादकांनी दोन्ही विशेषणे नाकारली. शेवटी 'नवे अस्थिर कण' अशा बेताच्या शब्दांत लेख छापला गेला. नाव मात्र 'विचित्र' हेच रूढ झाले. शब्दाच्या बाबतीत संपादकापेक्षा वापरणाऱ्यांचा कौल मोठा ठरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. याआधी १९३९ साली मुंबईचे होमी भाभा यांनी अशाच एका शब्दवादात भाग घेतला होता. विश्वकिरणांत सापडलेल्या मध्यम वस्तुमानाच्या कणाला 'मेसोट्रॉन' म्हणावे असे काहींचे मत होते. ग्रीक शब्दाची घडण पाहता त्यात 'ट्र' येण्याचे कारण नाही, असे सांगून भाभा यांनी 'मेसॉन' हे रूप पुढे केले. तेच आज जगभर चालते.

कोडे कोणते होते?

विचित्रतेची कल्पना समजण्यासाठी ती का लागली हे आधी समजले पाहिजे. १९४७ पर्यंत भौतिकशास्त्रज्ञांना वाटत होते की अणुगर्भाची घडण बहुतांशी उलगडली आहे. प्रोटॉन व न्यूट्रॉन माहीत होते. त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाशी निगडित असलेला पायॉन सेसिल पॉवेल यांच्या ब्रिस्टल येथील गटाला त्याच वर्षी सापडला होता. याच सुमारास मँचेस्टर विद्यापीठात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज रॉचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर हे क्लाउड चेंबर या उपकरणाने विश्वकिरणांची छायाचित्रे घेत होते. सुमारे ५,००० छायाचित्रांपैकी दोनच निराळी निघाली. एक १५ ऑक्टोबर १९४६ चे, दुसरे २३ मे १९४७ चे. पहिल्यात शिशाच्या पत्र्याखाली, जिथे कोणताही माग नव्हता अशा जागी, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे दोन माग एकाच बिंदूतून फुटलेले दिसत होते. विद्युत भार नसलेला कण स्वतः माग सोडत नाही. तो फुटून दोन भारित कण निघाले, तेव्हाच त्याचे अस्तित्व कळले. दुसऱ्या छायाचित्रात भारित कणाचा माग मध्येच वाकला होता. दोन्हींचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे हजारपट असावे असा हिशेब निघाला. २० डिसेंबर १९४७ च्या 'नेचर'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ मँचेस्टरला असा एकही नवा 'व्ही' मिळाला नाही. दोन छायाचित्रांच्या जोरावर नव्या कणाचा दावा करून बसलेल्या माणसांची या काळातली मनःस्थिती काय असेल, याची कल्पना करता येते. १९५० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांच्या गटाला ३४ 'व्ही' सापडले आणि शंका फिटली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात व्हिक्टर हॉपर आणि सुकुमार बिस्वास यांनी प्रोटॉन व पायॉन यांच्यात फुटणाऱ्या, विद्युत भार नसलेल्या एका कणाचा पुरावा दिला. हाच पुढे लॅम्डा म्हणून ओळखला गेला. बिस्वास नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचे संशोधक म्हणून काम करीत राहिले. १९८५ साली अमेरिकी अवकाशयानातून गेलेल्या 'अनुराधा' या भारतीय प्रयोगाचे ते प्रमुख होते.

आता कोडे. हे नवे कण अणुगर्भावरील आघातांत बऱ्यापैकी संख्येने निर्माण होत होते. पायॉनच्या तुलनेत शेकड्याला काही, इतके. अशी सढळ निर्मिती केवळ प्रबल परस्परक्रियेतच शक्य असते. प्रबल परस्परक्रियेची नैसर्गिक कालमर्यादा म्हणजे १० चा उणे २३ वा घात इतके सेकंद. जो कण प्रबल क्रियेने निर्माण होतो आणि ज्याच्या क्षयातून प्रबल क्रियेत भाग घेणारेच कण बाहेर पडतात, तो तेवढ्याच वेळात फुटायला हवा. प्रत्यक्षात लॅम्डाचे सरासरी आयुष्य सुमारे १० चा उणे १० वा घात इतके सेकंद निघाले, म्हणजे अपेक्षेच्या १० चा १३ वा घात, एवढे पट अधिक. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून एक दाखला घेऊ. बोदवडहून सुटलेली पॅसेंजर गाडी साधारण अर्ध्या तासात भुसावळला पोहोचते. तिला तेवढ्याच पटीने उशीर झाला, तर ती सुमारे ५७ कोटी वर्षांनी भुसावळला लागेल. एवढ्या उशिराला 'अडथळा' म्हणून भागत नाही. मार्गावर काहीतरी सक्त मनाई असली पाहिजे, हे उघड होते. ती मनाई कोणती, हेच कोडे.

जोडीने निर्मिती

१९५२ मध्ये अब्राहम पेस यांनी सुचवले की नवे कण नेहमी जोडीने निर्माण होत असावेत. दोघे एकत्र असताना प्रबल क्रिया चालते. एकदा ते दूर गेले की प्रत्येक जण एकटा पडतो आणि मग एकट्याला फुटण्यासाठी दुर्बल क्रियेची मंद वाट धरावी लागते. विश्वकिरणांच्या छायाचित्रांत अशा जोड्या फारशा स्पष्ट दिसत नव्हत्या, कारण जोडीतला एखादा कण उपकरणाबाहेर जाऊन फुटे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथील कॉस्मोट्रॉन हे त्वरक यंत्र सुरू झाल्यावर १९५३-५४ मध्ये राल्फ शट यांच्या गटाने पायॉनच्या झोताने हायड्रोजनवर आघात करून जोडीने निर्मिती होते, हे दाखवले.

पेस यांचा नियम सम-विषम संख्यांचा होता. नवे कण सम संख्येत निर्माण व्हावेत, एवढेच तो सांगे. पण या नियमाने दोन न्यूट्रॉन आदळून दोन लॅम्डा निघायलाही हरकत उरत नाही, आणि तसे तर दिसत नव्हते. शिवाय १९५२ मध्ये मँचेस्टरच्याच गटाला लॅम्डा व पायॉन यांच्यात फुटणारा एक अधिक जड कण सापडला. त्याला आज क्साय म्हणतात. तो पायऱ्यापायऱ्यांनी फुटे, थेट न्यूट्रॉनपर्यंत उतरत नसे. सम-विषमाच्या हिशेबात ही दुसरी पायरी कुठे बसवावी, हे कळेना.

गेल-मान आणि निशिजिमा

सोडवणूक एका जिभेच्या चुकीतून आली, असे गेल-मान यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. प्रिन्स्टन येथे ते आपली एक फसलेली कल्पना समजावून सांगत होते. या कणांचे आयसोस्पिन पाच छेद दोन मानले तर काय अडचण येते, हे दाखवायचे होते. बोलताना तोंडून 'एक' निघून गेले. आपण काय बोललो हे लक्षात येताच ते थांबले, कारण 'एक' मानले तर अडचण उरतच नव्हती. तोवर सर्वांनी गृहीत धरले होते की बॅरिऑन कणांचे आयसोस्पिन नेहमी अपूर्णांकी आणि मेसॉनांचे पूर्णांकी असते. नव्या कणांत हा संबंध उलटा आहे, एवढे मानले की उरलेले आपोआप जुळते.

आयसोस्पिन ही संज्ञा इथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे वस्तुमान जवळजवळ सारखे आहे आणि प्रबल क्रियेला दोघे सारखेच. म्हणून त्यांना एकाच कणाच्या दोन अवस्था मानून त्या अवस्थांना अधिक अर्धा आणि उणे अर्धा असे अंक दिले जातात. हा आयसोस्पिनचा तिसरा घटक. परिचित कणांच्या बाबतीत विद्युत भार म्हणजे हा घटक अधिक बॅरिऑन अंकाचा निम्मा. नव्या कणांच्या गटांत भाराची सरासरी या सूत्रापेक्षा सरकलेली दिसते. किती सरकली, ते दर्शवणारा अंक म्हणजे विचित्रता. त्यावरून गेल-मान–निशिजिमा सूत्र असे होते:

विद्युत भार = आयसोस्पिनचा तिसरा घटक + (बॅरिऑन अंक + विचित्रता) ÷ २

पडताळा घेऊन पाहावा. प्रोटॉन : अर्धा + (१ + ०) ÷ २, म्हणजे १. लॅम्डा एकटाच असल्याने त्याचा तिसरा घटक शून्य : ० + (१ − १) ÷ २, म्हणजे ०. धन के-मेसॉन : अर्धा + (० + १) ÷ २, म्हणजे १. तिन्ही ठिकाणी उत्तर बरोबर येते.

या मांडणीनुसार धन के-मेसॉन व उदासीन के-मेसॉन यांची विचित्रता +१ आहे. त्यांच्या प्रतिकणांची −१. लॅम्डा आणि तिन्ही सिग्मा −१, दोन्ही क्साय −२, आणि नंतर सापडलेला ओमेगा −३. कणाची जी विचित्रता, तिच्या उलट चिन्हाची त्याच्या प्रतिकणाची. इलेक्ट्रॉन, म्यूऑन, न्यूट्रिनो, फोटॉन यांना विचित्रता नसते.

सूत्राने केवळ जुने समजावले असे नाही. नवे भाकीतही केले. सिग्मा तीन असले पाहिजेत, म्हणजे विद्युत भार नसलेला एक सिग्मा अजून सापडायचा आहे. क्साय दोन असले पाहिजेत. पुढे दोन्ही सापडले. उदासीन क्साय १९५९ साली बर्कली येथे.

हिशेबाचा नियम

खानदेशातील कापसाच्या अडतीवर रोजची जमा-नावे सायंकाळी जुळलीच पाहिजे, तसा हा नियम आहे. ऋण पायॉन प्रोटॉनवर आदळून उदासीन के-मेसॉन व लॅम्डा निघू शकतात. आधीची विचित्रता शून्य, नंतरची +१ आणि −१ मिळून शून्य. त्याच आघातातून उदासीन के-मेसॉन व न्यूट्रॉन निघाले तर विद्युत भार जुळतो, बॅरिऑन अंक जुळतो, पण विचित्रता +१ उरते. म्हणून ती क्रिया घडत नाही. दोन न्यूट्रॉनांपासून दोन लॅम्डा हेही याच कारणाने वर्ज्य, कारण शून्यातून −२ निघू शकत नाही. पेस यांच्या सम-विषम नियमात जे सुटले होते ते इथे पकडले जाते.

लॅम्डा इतका दीर्घायुषी का, याचे उत्तरही आता देता येते. विचित्रता राखून फुटायचे तर त्याला एक −१ विचित्रतेचा कण बाहेर टाकावा लागेल. असा सर्वांत हलका मेसॉन के आहे. प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ आणि भारित के-मेसॉनचे ४९४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बेरीज १,४३२. लॅम्डापाशी आहेत १,११६. म्हणजे खर्च उत्पन्नाबाहेरचा. लॅम्डा हा विचित्र बॅरिऑनांतला सर्वांत हलका असल्याने त्याला दुसरीही वाट नाही. विचित्रता गमावण्याची मुभा फक्त दुर्बल क्रियेत आहे, आणि ती मंद आहे. शंभरांतून सुमारे ६४ वेळा लॅम्डा प्रोटॉन व ऋण पायॉन यांत फुटतो आणि उरलेल्या वेळी न्यूट्रॉन व उदासीन पायॉन यांत.

याची उलट बाजू उदासीन सिग्मात दिसते. तो फोटॉन सोडून लॅम्डा होतो. दोघांची विचित्रता −१ असल्याने काही गमावावे लागत नाही आणि विद्युत्‌चुंबकीय क्रियेने काम भागते. त्याचे आयुष्य १० चा उणे १९ वा घात इतक्या सेकंदांपेक्षाही कमी आहे. त्याचेच भारित भाऊ १० चा उणे १० वा घात या मापाने जगतात. एकाच कुटुंबातील हा फरक केवळ विचित्रतेच्या नियमामुळे पडतो, आणि नियम खरा असल्याचा याहून स्वच्छ पुरावा शोधावा लागू नये.

मुंबईतील संशोधन

विचित्र कणांच्या पहिल्या दशकात भारताचा सहभाग प्रामुख्याने मुंबईतून झाला. भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४९ पासून गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याची आजची वास्तू १९६२ साली सुरू झाली. त्या काळी देशात मोठे त्वरक यंत्र नव्हते. पण विश्वकिरण फुकट मिळत होते आणि भारताचे भौगोलिक स्थान त्या कामाला सोयीचे होते. भूचुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जात असल्याने कमी ऊर्जेचे विश्वकिरण इथे पोहोचतच नाहीत. जे येतात ते जबर ऊर्जेचे असतात. जाड छायाचित्रण-पायसाच्या काचा फुग्याला बांधून वातावरणाच्या वरच्या थरात पाठवायच्या, खाली आल्यावर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील मागांचा एकेक इंच तपासायचा, अशी पद्धत होती. यंत्रापेक्षा डोळ्यांच्या चिकाटीचे हे काम.

१९५१ मध्ये बर्नार्ड पीटर्स संस्थेत आले. ते ओपेनहायमर यांचे विद्यार्थी. विश्वकिरणांत जड अणुगर्भ असतात हे दाखवणाऱ्यांपैकी एक म्हणून त्यांचे नाव झालेले होते; पण अमेरिकेतील त्या काळच्या राजकीय चौकशीसत्रात ते सापडले आणि त्यांना देश सोडावा लागला. मुंबईला त्यांना देवेंद्र लाल आणि यश पाल हे दोन तरुण सहकारी मिळाले. या तिघांनी १९५३ साली के-मेसॉनांचे क्षय आणि अणुगर्भाशी त्यांची परस्परक्रिया यांविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. जगात त्या वेळी असे कण हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रयोगशाळांना दिसत होते. लाल पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, आणि यश पाल यांना दूरचित्रवाणीवरील विज्ञान-शिक्षक म्हणून घराघरांत ओळख मिळाली.

ब्रिस्टलला पॉवेल यांच्या गटात १९४९ ते १९५५ या काळात एम. जी. के. मेनन होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले होते. कॉर्मॅक ओ'केली यांच्यासह त्यांनी के-मेसॉनांच्या निरनिराळ्या क्षयांचा बारकाईने अभ्यास केला, आणि १९५५ मध्ये ते टाटा संस्थेत रुजू झाले. बिभा चौधुरी यांचाही उल्लेख केला पाहिजे. ज्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत पहिले 'व्ही' दिसले तिथेच त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केले होते, आणि १९४९ मध्ये त्या टाटा संस्थेत आल्या. त्यांचे नाव दीर्घकाळ फारसे कोणी घेतले नाही.

१९५३ नंतर चित्र झपाट्याने पालटले. विश्वकिरणांत महिन्याकाठी एखादा सापडणारा कण त्वरक यंत्रांत दिवसाला शेकड्याने मिळू लागला. मुंबईच्या गटाने परदेशी यंत्रांच्या झोतात धरलेल्या पायसाच्या काचा आणि पुढे बबल चेंबरच्या फिती मागवून अभ्यास चालू ठेवला. तरी विश्वकिरण आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या भांडवलावर बरोबरीने उभे राहण्याची संधी ओसरली होती, हे मान्य केले पाहिजे.

सैद्धान्तिक बाजूने १९६१ साली टाटा संस्थेने बंगळूर येथे भरवलेल्या उन्हाळी शाळेत गेल-मान यांनी व्याख्याने दिली. मराठी वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे भालचंद्र माधव उदगावकर यांनी १९६२ मध्ये गेल-मान यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय विचित्रता नव्हता. अतिउच्च ऊर्जेला अणुगर्भांवरून होणारे प्रकीर्णन हा होता. उदगावकर यांनी पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद भूषवले आणि शालेय विज्ञान-शिक्षणासाठी मोठे काम केले.

टाऊ आणि थीटा

के-मेसॉनांनी आणखी एक पेच उभा केला. एक धन कण दोन पायॉनांत फुटे, त्याला थीटा म्हणत. दुसरा तीन पायॉनांत फुटे, त्याला टाऊ. दोघांचे वस्तुमान एक, आयुष्य एक. पण दोन पायॉनांची आणि तीन पायॉनांची आरशातील प्रतिमेशी वागणूक, जिला पॅरिटी म्हणतात, ती परस्परविरुद्ध होती. मग हे दोन कण मानायचे की एक? १९५६ मध्ये त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी विचारले की दुर्बल क्रियेत पॅरिटी राखली जाते, याला पुरावा काय? पुरावा नव्हता. चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टवरील प्रयोगाने १९५७ च्या आरंभी दाखवले की ती राखली जात नाही. टाऊ आणि थीटा हा एकच धन के-मेसॉन ठरला, आणि ली व यांग यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले.

उदासीन के-मेसॉनाची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. त्याची विचित्रता +१ आणि त्याच्या प्रतिकणाची −१. पण दोघेही दोन पायॉनांत फुटू शकतात. दुर्बल क्रियेला विचित्रतेची पर्वा नसल्यामुळे ती दोघांना एकमेकांत मिसळून टाकते. परिणामी निर्माण होताना जो कण ठरावीक विचित्रतेचा असतो, तो फुटताना दोन निराळ्या कणांच्या रूपाने वागतो : एक सुमारे ०.९ गुणिले १० चा उणे १० वा घात सेकंद जगणारा, दुसरा त्याच्या सुमारे ५७० पट जगणारा. हे भाकीत गेल-मान व पेस यांनी १९५५ मध्ये केले आणि पुढच्याच वर्षी दीर्घायुषी कण सापडला. १९६४ मध्ये जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांच्या गटाला दिसले की हा दीर्घायुषी कण पाचशेत सुमारे एकदा, नियमाला न जुमानता, दोनच पायॉनांत फुटतो. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्याशी निसर्ग अगदी सारखा वागत नाही, याचा हा पहिला पुरावा. त्याबद्दल दोघांना १९८० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ओमेगा आणि क्वार्क

१९६१ मध्ये गेल-मान आणि युवाल नेमान यांनी स्वतंत्रपणे कणांची एक मांडणी केली. एका दिशेने आयसोस्पिन आणि दुसऱ्या दिशेने विचित्रता घेऊन कण मांडले की आठ-आठांचे आणि दहांचे सुबक गट पडतात. दहांच्या गटात विचित्रता ० असलेल्या डेल्टा कणांचे वस्तुमान १,२३२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, −१ च्या पायरीवर सुमारे १,३८५, −२ च्या पायरीवर सुमारे १,५३०. प्रत्येक पायरीला दीडशेच्या आसपास भर. शेवटची जागा रिकामी होती : विचित्रता −३, विद्युत भार −१, वस्तुमान १,६८० च्या जवळपास. गेल-मान यांनी हे भाकीत जुलै १९६२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत जाहीर केले. ब्रुकहेवनच्या ८० इंची बबल चेंबरमध्ये निकोलस सॅमिओस आणि सहकाऱ्यांनी लाखाच्या घरातील छायाचित्रे चाळली, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये तो कण सापडला. ऋण के-मेसॉन प्रोटॉनवर आदळून ओमेगा, धन के-मेसॉन व उदासीन के-मेसॉन निघाले होते : आधी −१, नंतर −३, +१, +१, म्हणजे पुन्हा −१. मग ओमेगापासून क्साय, क्सायपासून लॅम्डा, लॅम्डापासून प्रोटॉन, अशी एकेक पायरी उतरत तीन वेळा दुर्बल क्षय झाला होता. विचित्रतेचा सारा नियम एकाच छायाचित्रात वाचता येतो.

त्याच वर्षी गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी या मांडणीमागे क्वार्क असल्याचे सुचवले. अप आणि डाउन या क्वार्कांपासून प्रोटॉन-न्यूट्रॉन घडतात. तिसरा, स्ट्रेंज, विचित्रता वाहून नेतो. त्याचा विद्युत भार उणे एक तृतीयांश. लॅम्डात असा एक, क्सायमध्ये दोन, ओमेगात तिन्ही. दर पायरीला वाढणारे दीडशे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे या क्वार्काच्या अधिक वस्तुमानामुळे आहेत.

इथे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. स्ट्रेंज क्वार्काची विचित्रता +१ नसून −१ आहे. कारण निव्वळ ऐतिहासिक आहे. क्वार्क माहीत नव्हते तेव्हा धन के-मेसॉनाला +१ हा अंक दिला गेला. पुढे त्यात स्ट्रेंज प्रतिक्वार्क असल्याचे कळले, पण दशकभर रुळलेले चिन्ह कोणी बदलले नाही. इलेक्ट्रॉनचा विद्युत भार ऋण का, याचेही उत्तर असेच आहे.

दुर्बल क्रियेत विचित्रता बदलते ती स्ट्रेंज क्वार्काचे अप क्वार्कात रूपांतर होते म्हणून. असे रूपांतर डाउन क्वार्काच्या तुलनेत सुमारे एक विसांश प्रमाणातच होते, हे निकोला काबिब्बो यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या कोनावरून समजते. आणि स्ट्रेंजचे थेट डाउन क्वार्कात रूपांतर जवळजवळ होतच नाही, या निरीक्षणाचे कारण शोधताना १९७० मध्ये ग्लॅशो, इलिओपुलोस आणि मायानी यांनी चौथ्या क्वार्काचे अस्तित्व नेमकेपणाने मांडले. तो चार्म क्वार्क १९७४ साली सापडला.

सध्याचे संशोधन

विचित्र कण अणुगर्भातही राहू शकतो. लॅम्डा धारण करणाऱ्या अशा अणुगर्भाला हायपरन्यूक्लियस म्हणतात. पहिला १९५२ मध्ये वॉर्सा येथे मारियान डॅनिश आणि येर्झी प्न्येव्स्की यांना पायसाच्या काचेवर दिसला. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात प्रचंड दाबाखाली हायपेरॉन निर्माण व्हावेत असा कयास आहे. पण ते झाले तर ताऱ्याचे द्रव्य मऊ पडून तो फार जड होऊ शकणार नाही, आणि २०१० मध्ये सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा मोजला गेला आहे. हा विरोध अजून मिटलेला नाही.

१९८२ मध्ये योहान राफेल्स्की आणि बर्न्ट म्यूलर यांनी सुचवले की जड अणुगर्भांच्या टकरीत क्वार्क व ग्लुऑन यांचा तप्त रस तयार झाला, तर त्यातून विचित्र कण नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतील. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतील ॲलिस प्रयोगात अशी वाढ मोजली जाते. २०१७ मध्ये ॲलिस गटाने दाखवले की केवळ प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतही, पुष्कळ कण निघत असतील तर, विचित्र कणांचे प्रमाण वाढते. जेवढी विचित्रता अधिक तेवढी वाढ अधिक, आणि ओमेगाच्या बाबतीत सर्वांत ठळक. या प्रयोगात सहभागी असलेल्या भारतीय संस्थांत मुंबईची आयआयटीही आहे.